कोर्टानं ऑर्डर थांबवली म्हणजे नक्की काय थांबवलं? बाळ फेब्रुवारीत आहे

सायली_प्लानो
२६ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही डॅलसजवळ प्लानोला राहतो. नवरा एच१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, मी त्याच्यावर अवलंबून म्हणून एच४वर. ग्रीन कार्डाची फाईल २०१९ची आणि भारतीयांची ईबी२ची (नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळण्याचा एक वर्ग) रांग अजून २०१३ मध्येच अडकलेली, त्यामुळे आपला नंबर कधी हा प्रश्न विचारणं आम्ही बंद केलंय. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय डॉक्टरनी.

तर प्रश्न असा. ट्रंप यांनी २० जानेवारीला शपथ घेतली त्याच दिवशी ऑर्डर काढली की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. म्हणजे अगदी आम्हीच. मग कोर्टानं थांबवली, मग सुप्रीम कोर्टानं जूनमध्ये काहीतरी वेगळंच सांगितलं, मग परत थांबवली, आणि आता ५ डिसेंबरला सुप्रीम कोर्ट म्हणालं की केस आम्ही ऐकतो. मी बातम्या वाचून वाचून दमलेय.

काल आईचा नाशिकहून फोन होता. ती जानेवारीत येतेय, बॅगेत डिंक किती घेऊ विचारत होती आणि मधेच म्हणाली, बाळाचा पासपोर्ट कुठला असणार गं? मी म्हटलं कोर्टाचा स्टे आहे, काळजी करू नको. तर म्हणाली, स्टे तर आपल्या वाटणीच्या दाव्यातही होता, एका सकाळी उठला आणि संध्याकाळी कुंपण घातलं चुलत्यांनी. त्यानंतर मला झोप नाही. राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीनं असं होऊ शकतं का, आणि कोर्टानं थांबवलं म्हणजे ते किती पक्कं धरायचं, हे कुणी साध्या भाषेत सांगेल का?

---

मनीषा_ताई
२६ डिसेंबर, रात्री १०.०५

आधी अभिनंदन गं सायली! आणि आई येतायत ना, मग निम्मी काळजी त्यांच्यावर सोड. कायद्याचं जाणकार सांगतीलच, तू रात्री बातम्या बघणं आधी बंद कर.

---

ठाण्याचे_वकीलकाका
२६ डिसेंबर, रात्री ११.३०

सायलीताई, तुमच्या आईंनी नेमकी नस पकडली. मी पस्तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली, अमेरिकेत प्रॅक्टिस केलेली नाही, पण ही प्रकरणं निकालपत्रं काढून वाचत आलोय.

पहिलं, ही एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे कायदा नव्हे. राष्ट्राध्यक्ष आपल्या हाताखालच्या खात्यांना सांगतात की असं असं वागा. इथे सांगितलं की अशा बाळांना नागरिक म्हणून कागदपत्रं देऊ नका, म्हणजे पासपोर्ट नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. कोर्ट थांबवतं ते या खात्यांना. राष्ट्राध्यक्षांची सही पुसली जात नाही, त्या सहीवरून कुणी हालचाल करायची नाही एवढा तो मनाई हुकूम.

दुसरं, थांबवण्याचे प्रकार आहेत. सिएटलच्या न्यायाधीश कॉफनॉर यांनी २३ जानेवारीला जो दिला तो अगदी तात्पुरता, मोजक्या दिवसांचा. हे गृहस्थ रेगन यांनी १९८१ साली नेमलेले, म्हणजे रिपब्लिकन नेमणूक, आणि त्यांनी सरकारी वकिलाला तोंडावर सांगितलं की ही ऑर्डर उघडउघड घटनाबाह्य आहे, चाळीस वर्षांत इतका स्पष्ट प्रश्न समोर आलेला मला आठवत नाही. मग ६ फेब्रुवारीला खटला चालेपर्यंतचा मनाई हुकूम. मेरीलँड, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स इथूनही त्याच पंधरवड्यात तसेच हुकूम निघाले. ऑर्डर १९ फेब्रुवारीनंतर जन्मलेल्यांना लागू व्हायची होती, तोवर चार कोर्टांचं कुलूप लागलेलं होतं.

जूनचं त्रांगडं उद्या लिहितो, आता डोळे मिटतायत.

---

रेवा_ऑस्टिन
२७ डिसेंबर, सकाळी ७.१५

सायली, मी तुझ्यापुढे एक वर्ष आहे म्हणून लिहितेय. माझी लेक मार्च २०२५ ची, आम्हीही दोघं व्हिसावर, आम्हीही टेक्ससात. २० जानेवारीची ती रात्र मी विसरणार नाही. आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडशे मेसेज, आणि एकीने, तिचा सातवा महिना होता, डॉक्टरांना विचारलं की १९ तारखेच्या आत सिझेरियन करता येईल का. डॉक्टरनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं की बाळाची फुप्फुसं तयार नाहीत, कागदासाठी असं करू नका. ती रडत घरी आली. एका सहीनं काय होऊ शकतं विचारतेस ना, सही अजून अमलातसुद्धा आलेली नव्हती आणि हे होऊन गेलं होतं.

आमचं प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी एक बाई चाकाच्या टेबलावर लॅपटॉप ढकलत आली, नाव, जन्मवेळ, आईचं लग्नाआधीचं आडनाव, आणि शेवटी सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, त्यावर एक खूण. मी दम धरून बसले होते की आता व्हिसा विचारणार. तिने विचारला नाही. नवऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं तेवढंच. कार्ड तीन आठवड्यांनी पोस्टानं आलं. पासपोर्टला आम्ही तिघं पोस्ट ऑफिसात गेलो, लेक फोटोत डोळे उघडेना, सतराव्या फोटोत उघडले. तोही आला.

---

मंदार_के
२७ डिसेंबर, सकाळी ८.५०

सायली यांना शुभेच्छा आणि माझं मत त्यांच्या बाळाबद्दल नाही हे आधीच स्पष्ट करतो. पण धाग्याचा विषय राष्ट्राध्यक्षाचे अधिकार असा असेल तर दुसरी बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे. साडेसात कोटींच्या वर मतं घेऊन निवडून आलेला माणूस एक धोरण जाहीर करतो आणि कुठल्यातरी जिल्ह्याच्या कोर्टातला एक न्यायाधीश, जो निवडून आलेला नाही, अख्ख्या देशात ते बंद करतो, हे मला पटत नाही. जिल्हा न्यायाधीश सहाशेच्या वर आहेत, त्यातला एक आपल्या मताचा शोधायचा आणि तिथे दावा टाकायचा. हाच खेळ उलट्या बाजूनेही झालाय, टेक्ससच्या कोर्टांनी ओबामा आणि बायडन यांच्या योजना देशभर थांबवल्या तेव्हा आज टाळ्या वाजवणारे ओरडत होते. खालच्या कोर्टाला असा सरसकट देशभर मनाई हुकूम देता येणार नाही, हा सुप्रीम कोर्टाचा जूनचा निकाल म्हणूनच मला योग्य वाटतो.

---

अमोल_एडिसन
२७ डिसेंबर, सकाळी ९.२०

मंदार, टेक्ससचा मुद्दा मान्य. २०१५ मध्ये नागरिक मुलांच्या बिनकागदाच्या आईवडिलांना हद्दपारीपासून संरक्षण द्यायची ओबामांची योजना टेक्ससच्या न्यायाधीश हॅनन यांनी थांबवली, सुप्रीम कोर्टात ४-४ झालं आणि योजना तिथेच मेली. बायडन यांची विद्यार्थी कर्जमाफी, जवळपास ४०० अब्ज डॉलरची, ती २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच ६-३ ने उडवली. माझ्या ऑफिसातल्या एका पोराचे वीस हजार माफ होणार होते, त्याने आईला फोन करून सांगूनही टाकलं होतं. तेव्हा राष्ट्राध्यक्षाला लगाम हा एका पक्षाचा विषय नाही हे खरं.

पण "एक न्यायाधीश" म्हणताना हे लक्षात घे की या ऑर्डरबद्दल चार वेगवेगळ्या कोर्टांनी, रेगन, ओबामा, बायडन, धाकटे बुश अशा सगळ्यांनी नेमलेल्या न्यायाधीशांनी, एकच उत्तर दिलं. वर अपिलातही नववं सर्किट आणि पहिलं सर्किट (सर्किट म्हणजे विभागवार अपील कोर्ट) दोन्हीकडे सरकार हरलं.

---

ठाण्याचे_वकीलकाका
२७ डिसेंबर, सकाळी ११.००

हां, आता जून. २७ जून २०२५ चा निकाल, ट्रंप विरुद्ध कासा, ६-३, बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती बॅरेट यांचं. लोकांचा गैरसमज असा की सुप्रीम कोर्टानं नागरिकत्वाची ऑर्डर बरोबर ठरवली. अजिबात नाही. ऑर्डर बरोबर की चूक याला त्यांनी हातच लावला नाही. एवढंच म्हणाले की खालच्या कोर्टानं दाव्यात जो आलाय त्याला दिलासा द्यावा, दाव्यात नसलेल्या सगळ्या जगाला नव्हे, कारण १७८९ च्या ज्या कायद्यावरून या कोर्टांना अधिकार मिळाले त्यात असा सरसकट मनाई हुकूम बसत नाही. मंदार यांचं म्हणणं तिथे मान्य झालं.

आता याचा अर्थ काय होणार होता बघा. दाव्यात बावीसेक राज्यं होती, न्यू जर्सी होतं, टेक्सस नव्हतं. म्हणजे एडिसनला जन्मलेलं बाळ नागरिक आणि प्लानोला जन्मलेलं नाही, असं होण्याची वेळ आली होती. पण त्याच निकालात सामूहिक दाव्याचं दार उघडं ठेवलेलं होतं, आणि तीस दिवसांची सवड होती. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीश लाप्लांट यांनी, हे धाकट्या बुश यांच्या काळातले, देशभरातल्या अशा सगळ्या बाळांचा एक वर्ग मान्य केला, २० फेब्रुवारी २०२५ पासून जन्मलेली आणि पुढे जन्मणारी, आणि त्या वर्गाच्या वतीनं ऑर्डर रोखली. दावा करणारी बाळंच, त्यामुळे टेक्सस दाव्यात नव्हतं याने फरक पडत नाही.

सायलीताई, तुमचं बाळ अजून जन्मायचंय पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या दाव्यात ते आत्ताच वादी आहे.

---

सायली_प्लानो
२७ डिसेंबर, सकाळी ११.४०

काका हे वाचून अंगावर काटा आला. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

---

जुनी_पानं
२७ डिसेंबर, दुपारी २.१०

मुळाशी जाऊ या का थोडं. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की काळ्या माणसाला अमेरिकेचा नागरिक होताच येत नाही. त्यावर यादवी युद्ध झालं, सहा लाखांच्या वर माणसं गेली, आणि १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली की इथे जन्मलेले आणि इथल्या अधिकारकक्षेच्या अधीन असलेले सगळे नागरिक. हे वाक्य मुद्दाम घटनेत घातलं, कायद्यात नाही, कारण उद्या सत्तेवर येणाऱ्या कुणालाही ते फिरवता येऊ नये.

मग वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ चा जन्म, आईवडील चिनी, आणि १८८२ च्या कायद्यानं चिन्यांना नागरिकत्वच बंद. हा स्वयंपाकी होता. चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर बंदरावर अडवला, तू नागरिक नाहीस म्हणून. कित्येक महिने त्याला किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, या बोटीवरून त्या बोटीवर ठेवला. जिथे जन्मला ते गाव समोर दिसतंय आणि पाय ठेवता येत नाही. १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६-२ ने सांगितलं की आईवडील नागरिक होऊ शकत नसले तरी हा नागरिक आहे. आज सगळी मदार या निकालावर आहे.

---

मंदार_के
२७ डिसेंबर, दुपारी ३.००

बरोबर, पण त्या निकालात त्याचे आईवडील तिथे कायम राहत होते यावर भर आहे. आत्ताचं सरकार तेच म्हणतंय की तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस कायम राहणारा नाही, म्हणून तो निकाल लागू होत नाही. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आणि भारताकडे बघा, आपल्याकडे १ जुलै १९८७ पासून नुसत्या जन्मानं नागरिकत्व नाही, आई किंवा बाप भारतीय लागतो, ३ डिसेंबर २००४ पासून आणखी कडक. आपण बदललं ते चालतं, अमेरिकेनं बदललं की अन्याय?

---

ठाण्याचे_वकीलकाका
२७ डिसेंबर, दुपारी ४.२५

मंदार, तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत. भारतानं बदललं ते संसदेत बिल आणून. पंतप्रधानांनी शपथविधीच्या संध्याकाळी सही करून नव्हे. अमेरिकेत तर नुसती संसदही पुरत नाही, घटनादुरुस्ती लागेल, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश राज्यं. शिवाय चौदाव्या दुरुस्तीचे तेच शब्द काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेनं, नागरिकत्वाच्या कायद्यातही घालून ठेवलेत, म्हणजे ही ऑर्डर एका वेळी घटनेच्याही आड जाते आणि कायद्याच्याही.

राष्ट्राध्यक्षाचा अधिकार कुठवर, याचं सगळ्यात चांगलं मोजमाप १९५२ च्या पोलाद कारखान्यांच्या खटल्यात आहे. कोरियाचं युद्ध चालू, कामगारांचा संप तोंडावर, ट्रूमन यांनी ८ एप्रिलच्या रात्री भाषण करून देशातले पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. सैन्याला पोलाद लागतं, मी सरसेनापती आहे, ही बाजू. २ जूनला सुप्रीम कोर्ट ६-३ ने नाही म्हणालं. त्या सहातले दोन, बर्टन आणि क्लार्क, खुद्द ट्रूमन यांनीच नेमलेले, आणि क्लार्क तर आधी त्यांचेच ॲटर्नी जनरल. ट्रूमन चडफडले, पण कारखाने त्याच दिवशी परत केले. संप झाला, पन्नासच्या वर दिवस चालला.

त्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या, त्या मी आमच्या सोसायटीच्या भाषेत सांगतो. जनरल बॉडीने ठराव करून चेअरमनला अधिकार दिला आणि त्यानं गेटला नवीन कुलूप लावलं, त्याला कुणी हात लावू शकत नाही. ठराव हाही नाही आणि तोही नाही, तर प्रसंग बघून ठरेल. आणि जनरल बॉडीने आधीच ठराव केलाय की गच्ची सगळ्यांची, तरी चेअरमननं गच्चीला कुलूप लावलं, तर तो सगळ्यात कमजोर जागी उभा आहे. नागरिकत्वाची ऑर्डर ही गच्चीचं कुलूप आहे.

---

गच्चीवरचा_गणेश
२७ डिसेंबर, दुपारी ४.४०

काका आमच्या सोसायटीत खरंच गच्चीला कुलूप आहे, पापड वाळवायचे वांधे झालेत. हा निकाल नोटीस बोर्डावर लावतो :)

---

निखिल_हैदराबाद_आता_सिॲटल
२७ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

काकांच्या पहिल्या पायरीचं उदाहरण आमच्याच वाट्याला आलं. एच१बीवर एक लाख डॉलरची फी, १९ सप्टेंबरची घोषणा. त्या शुक्रवारी रात्री आमच्या कंपनीचा मेल आला की जे बाहेर आहेत त्यांनी रविवारच्या आत परत या. माझा रूममेट पुण्यात मावसभावाच्या लग्नाला गेला होता, मुंबईच्या विमानाला दीड लाख देऊन निघाला, पोचेपर्यंत खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना लागूच नाही. लग्न राहिलं ते राहिलं.

तर त्या फीविरुद्ध चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योगांची संघटना कोर्टात गेली आणि २३ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बेरील हॉवेल यांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. याच हॉवेल बाईंनी मे महिन्यात पर्किन्स कोई या वकील फर्मविरुद्धची ट्रंप यांची ऑर्डर पार रद्द केली होती. म्हणजे ट्रंप यांच्या विरोधातली न्यायाधीश वगैरे म्हणायला जागा नाही. फरक एवढाच की परदेशी माणसाला आत घ्यायचं की नाही यात काँग्रेसनेच १९५२ च्या कायद्यात राष्ट्राध्यक्षाला भरपूर मोकळीक देऊन ठेवलीय. २०१८ मध्ये काही देशांवरची प्रवासबंदीही त्याच कलमावर ५-४ ने टिकली होती. मला निकाल आवडला नाही, पण काकांच्या सोसायटीत बसतो.

---

अमोल_एडिसन
२७ डिसेंबर, रात्री ८.००

आणि त्याच २३ तारखेला सुप्रीम कोर्टानं शिकागोत नॅशनल गार्ड (राज्यांचं राखीव सैन्य) उतरवायला सरकारला नकार दिला, ६-३. एकाच दिवशी एकीकडे हो, एकीकडे नाही.

---

कासार_अंधेरी
२७ डिसेंबर, रात्री ९.१०

तुमची कोर्टं थांबवतात म्हणता, आमच्याकडे या, दाखवतो. माझा धाकटा भाऊ सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या निर्यात विभागात, दागिन्यांच्या युनिटला सेटर आहे, हिरे बसवतो. सगळा माल अमेरिकेला. २७ ऑगस्टपासून भारतावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयातकर. दिवाळीआधी ज्या टेबलावर आठ जण बसायचे तिथे तीन बसतात. भाऊ घरी येऊन पोरांच्या वह्यांना कव्हरं घालत बसतो, त्याच्या हाताला काम नसलं की त्याला करमत नाही.

आणि हे टॅरिफ ज्या अधिकाराच्या जोरावर लावलं, त्याचा असा वापर कोर्टानं बेकायदा ठरवलेला आहे! मे महिन्यात न्यूयॉर्कच्या व्यापार कोर्टानं, मग २९ ऑगस्टला अपिलात ७-४ ने. सुप्रीम कोर्टात ५ नोव्हेंबरला सुनावणी होऊन गेली, निकाल नाही. आणि वसुली चालू. कारण निकालाला स्थगिती. मग सांगा, कोर्टानं काय थांबवलं? निकाल उद्या आला तरी मालाची गेलेली ऑर्डर परत थोडीच येणार, तो गिऱ्हाईक एव्हाना दुसऱ्या देशात गेला.

---

ठाण्याचे_वकीलकाका
२७ डिसेंबर, रात्री १०.००

कासार, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हे दुखणं खरं आहे. बेकायदा ठरलं आणि बंद झालं यात कधीकधी वर्ष जातं आणि मधल्या काळाची भरपाई माणसाच्या हातात पडत नाही. भावाला सांगा काका विचारत होते.

---

प्रज्ञा_डेक्कन
२८ डिसेंबर, सकाळी १०.२०

थोडं अवांतर, पण पुण्याचा संबंध आहे म्हणून. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. सी. वाधवा म्हणून प्राध्यापक होते, अर्थशास्त्राचे. जमिनीच्या कायद्यांवर काम करताना बिहारचे कागद चाळत होते, तर त्यांना दिसलं की तिथे विधानसभेपुढे न जाता तेच ते वटहुकूम पुन्हापुन्हा काढले जातायत. १९६७ ते १९८१ मध्ये असे २५६. ऊस पुरवठ्याबद्दलचा एक वटहुकूम जवळजवळ १४ वर्षं जिवंत ठेवलेला, जो खरं तर अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संपायला हवा. वाधवा सरांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि सुप्रीम कोर्टात गेले. सरकार म्हणालं, तुम्ही पुण्याचे, तुमचा बिहारशी काय संबंध. कोर्टानं सांगितलं की बेकायदा कारभार नको एवढा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, ही पद्धत घटनेची फसवणूक आहे, आणि सरांना दहा हजार रुपये खर्च द्यायला लावला.

ही केस मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा एकच गोष्ट मुद्दाम सांगते, की कोर्ट आपणहून उठून कुणाला अडवायला जात नाही. कुणीतरी कागद मोजत बसावं लागतं.

---

जुनी_पानं
२८ डिसेंबर, दुपारी १२.००

प्रज्ञाताई, अगदी. यावरून सखाराम गणेश पंडित आठवले. नाव बघा कसं आपल्या आळीतलं. कॅलिफोर्नियात वकील, १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांची बाजू पंडितांनीच मांडली होती. मग सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, आणि पंडितांवरही दावा टाकला. ते लढले. म्हणाले, तुमच्याच कोर्टानं सगळं तपासून मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी वकिली उभी केली, घर घेतलं, लग्न केलं, आता मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये अपिलात जिंकले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला, आणि बाकीच्या हिंदी लोकांवरचे उरलेले दावे सरकारने सोडून दिले.

कोर्टानं आधी दार लावलं आणि मग त्याच कोर्टानं सरकारचा हात धरला, चार वर्षांत.

---

मंदार_के
२८ डिसेंबर, दुपारी १.३०

पंडितांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. माझं सरसकट मनाई हुकुमाबद्दलचं मत कायम आहे, पण सामूहिक दावा हा मार्ग मला योग्य वाटतो, त्यात निदान कोण वादी आहे हे तरी ठरतं. आणि सायली, सुप्रीम कोर्टात सरकार हरेल असंच मलाही वाटतं.

---

सायली_प्लानो
२८ डिसेंबर, दुपारी २.४५

मंदारदादा तुमच्या तोंडात साखर. पण समजा उद्या उलटं झालं तर? बाळ बेवतनी होणार का?

---

रेवा_ऑस्टिन
२८ डिसेंबर, दुपारी ३.३०

अगं नाही. तुम्ही दोघं भारतीय आहात, बाळाला वंशानं भारतीय नागरिकत्व मिळू शकतं, वकिलातीत जन्मापासून एका वर्षाच्या आत नोंदणी करावी लागते. पण एक लक्षात ठेव, त्या नोंदणीत लिहून द्यावं लागतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. म्हणजे एक पाय इथे एक पाय तिथे असं करता येत नाही. आम्ही त्यावर दोन रात्री वाद घातला आणि शेवटी आज जो कायदा आहे तो धरून अमेरिकन पासपोर्ट काढला, पुढे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड). तुम्ही इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा तासभर भेटाच, आम्ही भेटलो होतो, पैसे गेले पण झोप आली.

---

ठाण्याचे_वकीलकाका
२८ डिसेंबर, संध्याकाळी ५.१५

रेवाताईंनी नीट सांगितलं. मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या आईंना एवढं सांगा की वाटणीच्या दाव्यातला स्टे एका न्यायाधीशाचा होता आणि समोर चुलते कुंपणाचे खांब घेऊन तयार होते. इथे जुलैपासूनचा हुकूम उभा आहे आणि सुप्रीम कोर्टाची टर्म साधारण जूनअखेर, जुलैच्या सुरुवातीला संपते, निकाल तोवर अपेक्षित. बाळ फेब्रुवारीत. म्हणजे जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी, पासपोर्ट, हे करायला तुमच्याकडे मधले चार महिने आहेत, आणि हुकूम आहे तोवर कुठलंही खातं तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. निकाल काय लागेल याची हमी मी देणार नाही. पस्तीस वर्षांत एकाही अशिलाला दिली नाही. पण कागदपत्रांना उशीर करू नका.

---

सायली_प्लानो
२८ डिसेंबर, रात्री ९.००

सगळ्यांचे किती आभार मानू. आईला आत्ता फोन करून वाचून दाखवलं, वाँग किम आर्कला बोटीवर ठेवलं होतं तिथे ती दोनदा थांबवून विचारत होती की त्याला जेवायला कोण देत होतं. मला सांगता आलं नाही. नवऱ्यानं एक निळी फाईल काढलीय, त्यात आमचे पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), लग्नाचा दाखला आणि भाड्याचा करार लावून ठेवलाय, एक कप्पा मोकळा आहे. वकिलाची वेळ ६ जानेवारीची मिळाली. कासारदादा, तुमच्या भावाच्या युनिटचं काय होतं ते इथे नक्की लिहा.

आई विचारतेय, डिंकाबरोबर खारीक पावडर चालते का विमानात?

---

मनीषा_ताई
२८ डिसेंबर, रात्री ९.१०

माझ्या सासूबाईंनी दोन किलो आणली होती, सीलबंद पाकिटात. फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून लिहायला सांग.